दोराची वाट

जेरोम के. जेरोम यांचे ‘थ्री मेन इन अ बोट’ (१८८९) हे पुस्तक आपल्याकडे इंग्रजी विनोदाचा नमुना म्हणून वाचले जाते आणि हसून बाजूला ठेवले जाते. त्यातला केम्प्टन पार्कजवळचा प्रसंग अनेकांना आठवत असेल. निवेदक आणि हॅरिस नाव काठाला लावून झाडाखाली खायला बसतात, एवढ्यात एक गृहस्थ उगवतो आणि तुम्ही परक्याच्या हद्दीत शिरला आहात असे बजावतो. पुढे काठावरच्या जमीनमालकांनी ठोकलेल्या पाट्यांवर निवेदक घसरतो, आणि हॅरिस तर पाटी लावणाऱ्याचे घरदार जाळण्यापर्यंत पोहोचतो. काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाने प्रवासवर्णनाच्या तासाला हा प्रसंग सांगितला तेव्हा वर्ग हसला. हसणे ओसरल्यावर मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, “पण सर, नदी जर सगळ्यांची, तर काठ एकट्याचा कसा?” तासाची घंटा झाली म्हणून सुटका झाली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला फार उशिरा दिलेले उत्तर आहे. ते पुरते उत्तर आहे असा आमचा दावा नाही.

प्रश्न जुनाच आहे. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने रोमन कायद्याचे जे संकलन झाले, त्यात याचा निवाडा मोठ्या चतुराईने केलेला दिसतो. काठाची मालकी लगतच्या जमीनमालकाची. पण काठाचा वापर, म्हणजे तेथे नाव लावणे, झाडाला दोर बांधणे, माल उतरवणे, हा सर्वांचा. मालकी आणि वापर यांची अशी फारकत करून रोमनांनी भांडण मिटवले. तेराव्या शतकात ब्रॅक्टन या इंग्रज विधिपंडिताने हेच तत्त्व आपल्या ग्रंथात उतरवून घेतले. पण ग्रंथात असणे वेगळे आणि न्यायालयात टिकणे वेगळे. १७८९ मध्ये ‘बॉल विरुद्ध हर्बर्ट’ या खटल्यात, नदी नौकानयनासाठी सर्वांना खुली असली तरी तिच्या काठावरून नाव ओढत नेण्याचा सर्वसाधारण हक्क इंग्लंडच्या कायद्यात कोणालाही नाही, असा निर्णय झाला. ब्रॅक्टनचा दाखला देण्यात आला होता. तो मानला गेला नाही. फ्रान्समध्ये बॅस्टिलचा तुरुंग पडला त्याच वर्षी इंग्लंडमध्ये नदीचा काठ मालकाच्या स्वाधीन झाला, असा योगायोग इतिहासाच्या प्राध्यापकांना खुणावेल. आम्ही त्या वाटेला जात नाही.

मग टेम्स नदीच्या काठाने आज शेकडो किलोमीटर चालत जाता येते ते कसे? मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे: वहिवाट. व्युत्पत्तिकार काहीही म्हणोत, आमच्या कानांना त्यात ‘वाट’ ऐकू येते. जमीन कोणाची हा एक प्रश्न आणि तिच्यावरून कोण, कशासाठी, किती काळ जात आले हा दुसरा प्रश्न. टेम्सच्या काठाची वहिवाट निसर्गप्रेमी पदयात्रिकांनी पाडलेली नाही. ती दोराने पाडली. कोळसा, धान्य, लाकूड, माल्ट वाहणारे सपाट तळाचे अवजड पडाव प्रवाहाच्या उलट नेण्यासाठी काठावरून ओढावे लागत. आरंभी हे काम माणसांच्या टोळ्या करीत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्यांची जागा घोड्यांनी घेतली. घोड्याला सलग, भक्कम वाट लागते. १७७१ च्या कायद्याने नेमलेल्या आयुक्तांनी ती हळूहळू तयार केली. पण ती एका काठाने गेली नाही. जेथे एखाद्या बड्या मालकाने आपल्या उद्यानाच्या कडेने घोडे नेण्यास नकार दिला, तेथे वाट पलीकडच्या काठावर गेली आणि घोडे नावेतून पार नेण्याची सोय करावी लागली. टेम्सच्या नकाशावर ही वाट आज या तीरावर, उद्या त्या तीरावर अशी नागमोडी दिसते, तिची कारणे भूगोलात थोडी आणि खातेउताऱ्यात जास्त सापडतात.

विंडसरचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. राजवाड्याचे ‘होम पार्क’ नदीला लागून आहे. १८४८ च्या एका कायद्याने या उद्यानातले जुने रस्ते बंद झाले, डॅचेटचा जुना पूल पाडला गेला आणि १८५१ मध्ये उद्यानाच्या वरच्या व खालच्या अंगाला व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट या नावांचे दोन नवे पूल उभे राहिले. आजही काठाने चालत येणारा मनुष्य एका पुलावरून पलीकडे जातो, राजाचा काठ समोर ठेवून चालतो आणि दुसऱ्या पुलावरून परत येतो. नवे पूल मिळाले हे खरे. काठ गेला हेही खरे.

रेल्वे आली आणि दोराची गरज संपली. ग्रेट वेस्टर्न रेल्वे १८४० मध्ये रेडिंगपर्यंत आणि पुढच्याच वर्षी ब्रिस्टॉलपर्यंत पोहोचली. नदीवरचा माल रुळांवर गेला. आता नदीवर माणसे मौजेसाठी येऊ लागली. जेरोमच्या पुस्तकातली नाव ही याच नव्या गर्दीतली आहे. १८८४ मध्ये पार्लमेंटच्या निवड समितीने नदीच्या संरक्षणाचा प्रश्न हाताळला आणि १८८५ मध्ये ‘टेम्स प्रिझर्वेशन ॲक्ट’ झाला. नदी ही लोकांच्या विरंगुळ्याची जागा झाली आहे, हे कायद्याने मान्य केले. ही मोठीच गोष्ट होती. मात्र हक्क दिला तो मुख्यतः पाण्यावरचा. नावेत बसून हवे तेथे जा, पण पाय काठावर टेकवताना पाटी वाचा. हॅरिसचा संताप चार वर्षांनी छापून आला तो या फटीतून.

या सर्व इतिहासात आम्हाला सर्वाधिक गुंतवून ठेवते ते रिचमंडच्या टेकडीखालचे वळण. एका तीरावर ट्विकनहॅम, दुसऱ्यावर पीटरशॅम आणि हॅम. टेकडीवरून दिसणारे हे दृश्य टर्नरने रंगवले, रेनॉल्ड्सने रंगवले, वॉल्टर स्कॉटने ‘द हार्ट ऑफ मिडलोदियन’ (१८१८) या कादंबरीत त्याला स्थान दिले. १७१९ मध्ये अलेक्झांडर पोप ट्विकनहॅमच्या काठावर राहायला आला. त्याच्या मृत्यूनंतर लोक त्याचे घर पाहायला येत राहिले, इतके की पुढच्या मालकीणबाई, बॅरोनेस हाउ, त्या यात्रेकरूंना कंटाळल्या आणि १८०८ मध्ये त्यांनी ते घरच पाडून टाकले. कवीचे घर वाचकांपासून वाचवण्यासाठी ते नाहीसे करण्याचा हा उपाय वाङ्मयाच्या इतिहासात फारसा सांगितला जात नाही. सांगायला हवा, खाजगीपणाच्या हक्काची टोकाची आवृत्ती म्हणून तो उपयोगी आहे.

पोपच्या घराजवळच, त्याच तीरावर मार्बल हिल आहे. १७२० च्या दशकात हेन्रिएटा हॉवर्ड यांच्यासाठी बांधलेले हे टुमदार घर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जहाजव्यवसायातील क्युनार्ड कुटुंबाकडे आले. १९०१ मध्ये तेथे घरे बांधण्यासाठी रस्ते आणि गटारे यांची आखणी सुरू झाली. लंडन वेगाने वाढत होते, घरांची गरज खरी होती. वाईट हेतूचा आरोप करण्याचे कारण नाही. पण टेकडीवरून दिसणाऱ्या त्या प्रसिद्ध दृश्याच्या मधोमध विटांच्या चाळी दिसणार, या कल्पनेने लोक हादरले. ओरड झाली, वर्गणी झाली, लंडन काउंटी कौन्सिल पुढे आली. १९०२ मध्ये जागा विकत घेतली गेली आणि १९०३ मध्ये ती सार्वजनिक उद्यान म्हणून खुली झाली.

पलीकडच्या तीराची कथा अधिक गुंतागुंतीची, आणि म्हणून अधिक शिकवणारी. तेथे हॅम हाउस या सतराव्या शतकातल्या वाड्याचे मालक अर्ल ऑफ डायझार्ट. त्यांच्या ताब्यातल्या बऱ्याच शेतजमिनी ‘लॅमस’ प्रकारच्या होत्या. म्हणजे पीक उभे असेपर्यंत शेत मालकाचे; कापणी झाली की ऑगस्टपासून गावकऱ्यांची गुरे तेथे चरणार. आपल्याकडे सुगीनंतर मोकळ्या शिवारात गुरे सोडतात तसेच, फक्त हक्क म्हणून नोंदलेले. या हक्कामुळे शेतात घर बांधता येत नव्हते. गाईच्या तोंडाने बिल्डरला अडवले होते, असे म्हणण्याचा मोह होतो. १८९६ मध्ये हे हक्क आणि काही पायवाटा मोडून काढण्यासाठी पार्लमेंटमध्ये विधेयक आले. ‘कॉमन्स प्रिझर्वेशन सोसायटी’ (स्थापना १८६५) या संस्थेने विरोध केला आणि विधेयक पडले. सहा वर्षांनी, १९०२ मध्ये, तडजोडीचे दुसरे विधेयक मात्र संमत झाले: रिचमंड, पीटरशॅम आणि हॅम येथील मोकळ्या जागांचा कायदा. तडजोड अशी की, अर्लने हॅमचे माळरान, पीटरशॅमची कुरणे आणि नदीकाठची जमीन सार्वजनिक म्हणून स्थानिक संस्थांच्या स्वाधीन करावी. त्या बदल्यात आतल्या शेतांवरचे चराईचे हक्क संपावेत आणि ती शेते त्याला हवी तशी वापरता यावीत.

खाजगी घरबांधणी आणि सार्वजनिक काठ यांच्यातला समतोल हा शब्द आज जिकडेतिकडे ऐकू येतो. तो कागदावर कसा दिसतो हे पाहायचे तर या कायद्याकडे पाहावे. घरे येण्याआधी काठ वेगळा काढला गेला, हे त्याचे सामर्थ्य. पुढे त्या शेतांत दीर्घकाळ वाळूखडीच्या खाणी चालल्या, १९६० च्या दशकात मोठी वसाहत उभी राहिली. पण नदीच्या कडेची पट्टी सुटलेलीच राहिली. भरून काढलेल्या खाणींवर झाडझाडोरा माजला आणि त्या जागेला पुढे निसर्गराखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. घरे मागे, झाडे मध्ये, वाट पुढे, नदी त्याही पुढे. हॅम हाउसही १९४८ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे आले.

येथे थांबलो असतो तर गोष्ट सुखान्त झाली असती. परंतु आमच्या मनात एक शंका राहतेच. ज्यांची गुरे त्या शेतांत चरत, त्यांचे काय? त्या हक्काचे व्यावहारिक मोल १९०२ पर्यंत किती उरले होते, यावर वाद होऊ शकेल. तरीही हिशेब स्पष्ट आहे: गावकऱ्याचा पोटाचा हक्क मोडून शहरी माणसाला फिरण्याचा हक्क दिला गेला. दोन्ही ‘सार्वजनिक’च. एका सार्वजनिकाने दुसऱ्या सार्वजनिकाची किंमत मोजली, आणि टेकडीवर राहणाऱ्या धनिकांच्या खिडकीतले दृश्य त्यात फुकटात सुरक्षित झाले. या कायद्याचे कौतुक करताना हे वाक्य गाळू नये, असे आम्हाला वाटते.

त्याच वळणावर आणखी एक खटला घडला. मार्बल हिल खुले झाल्यावर त्या तीरावर लोकांची वर्दळ वाढली, आणि १९०९ च्या सुमारास वॉल्टर हॅमर्टन नावाच्या नावाड्याने तेथून पलीकडे हॅम हाउसकडे एका पेनीत माणसे नेण्यास सुरुवात केली. जवळच जुनी ट्विकनहॅम फेरी होती आणि तिच्या हक्काशी अर्लचा संबंध होता. जुन्या फेरीवाल्याने आणि अर्लने हॅमर्टनवर दावा लावला. खालच्या न्यायालयात तो जिंकला, अपिलात हरला, आणि १९१५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये पुन्हा जिंकला. त्याच्या खर्चासाठी लोकांनी वर्गणी केली होती. काठ खुला झाला तरी काठापर्यंत पोहोचण्याची सोय ही वेगळी लढाई असते, हे या नावाड्याला कोणत्याही समितीच्या आधी कळले होते. त्याच्या नावाची होडी आजही त्या दोन तीरांमध्ये चालते.

१९४९ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये लांब पल्ल्याच्या पायवाटांना सरकारी आधार मिळाला. तरी उगमापासून लंडनपर्यंत सुमारे १८४ मैलांचा ‘टेम्स पाथ’ राष्ट्रीय वाट म्हणून खुला व्हायला १९९६ उजाडले. विलंबाचे एक कारण गमतीदार आहे. घोडे पार नेणाऱ्या नावा बंद पडल्या होत्या, त्यामुळे वाट एका काठावर संपे आणि समोरच्या काठावर सुरू होई. ते सांधे जुळवण्यासाठी नवे पादचारी पूल बांधावे लागले. हर्लीजवळचा टेंपलचा पूल १९८९ मधला आहे. फार पूर्वी एखाद्या जमीनदाराने उच्चारलेल्या ‘नाही’ची ही किंमत, पुढच्या पिढ्यांच्या करातून भरलेली.

शहरात मात्र वाट तुटकच राहिली. लंडनच्या गोद्या ओस पडल्यावर १९८१ मध्ये सरकारने त्या भागासाठी विकास महामंडळ नेमले, आणि जुन्या वखारींच्या जागी फ्लॅट उभे राहू लागले. दाराशी नदी असणे ही विकण्याची वस्तू झाली. परवानगी देताना काठाची वाट मोकळी ठेवण्याची अट घालण्याची पद्धत रुजली. पण जेथे इमारत थेट पाण्यातून उठलेली, तेथे वाट मागच्या गल्लीत वळते, आणि जेथे वाट आहे तेथेही कोठे फाटक, कोठे अंधार पडल्यावर बंद. वॉपिंगसारख्या भागात पाण्यापर्यंत नेणाऱ्या जुन्या अरुंद पायऱ्या मात्र टिकून आहेत. नावाडी तेथे गिऱ्हाइकांची वाट पाहत. दोन उंच भिंतींच्या मधून त्या पायऱ्या चिखलापर्यंत उतरतात, आणि शेजारच्या कोट्यवधींच्या घरांना त्या बुजवता आलेल्या नाहीत.

या पायऱ्यांचे वर्णन वाचताना आमच्या मनात घाट येतो, हे सांगायला नको. आपल्याकडे काठाचा प्रश्न वाटेने नव्हे, पायऱ्यांनी सोडवला गेला. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. वाड्याच्या मागे कृष्णेवर बांधीव घाट आणि मंदिरे. वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा तेथे आहे, आणि ‘स्वदेस’ (२००४) पाहिलेल्यांना तो घाट चेहऱ्याने ठाऊक आहे. वाडा खाजगी, घाट गावाचा, आणि बांधणारा एकच. काठावर घर बांधणाऱ्याने काठ अडवू नये, उलट उतरायला दगड घालून द्यावेत, ही रीत म्हणून चांगलीच. पण तिचे गुणगान करताना आपण महाराष्ट्रात राहतो याचे भान हवे. घाट ‘सर्वांचा’ असे म्हणताना ‘सर्व’ कोण, हे येथे पायरीपायरीवर ठरलेले असे.

महाडचे चवदार तळे नदीचा काठ नव्हे, तरी आमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध थेट आहे. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने बोले यांचा ठराव संमत केला, नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीर केले, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक तेथे पाणी प्याले. त्यानंतर झालेला दावा वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी वाचण्यासारखा आहे, कारण तो शब्दांवर लढला गेला. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादी वहिवाट आहे, असे वादींचे म्हणणे होते. ती वहिवाट सिद्ध होत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये दिला. आम्ही वर ज्या शब्दाचे कौतुक केले तोच शब्द दार बंद करण्यासाठीही वापरता येतो. रूढीने आलेला हक्क रूढीइतकाच चांगला किंवा वाईट असतो.

जस्टिनियनचे तत्त्व पुढे भारतात अनपेक्षितपणे परतले. बियास नदीच्या काठी एका हॉटेल-कंपनीने आपली जागा वाचवण्यासाठी नदीच्या प्रवाहाची दिशा बदलली, त्या प्रकरणात (‘एम. सी. मेहता विरुद्ध कमल नाथ’) सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये निर्णय दिला. नदी, तिचा काठ यांसारखी संपत्ती शासनाकडे लोकांची ठेव म्हणून असते. ती खाजगी लाभासाठी देऊन टाकता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि जमिनीचा पट्टा रद्द केला. त्या निर्णयात रोमन कायद्याचा आधार आहे. इंग्लंडच्या न्यायालयाने १७८९ मध्ये नाकारलेला वारसा दिल्लीत दोनशे वर्षांनी स्वीकारला गेला. टेम्स पाथ खुला झाला तेच हे वर्ष.

तत्त्व मिळाले, वाट मिळाली असे मात्र म्हणता येत नाही. महाराष्ट्रातल्या शहरांत नदीकाठावर निळी रेषा आणि लाल रेषा आखतात: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची एक, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची दुसरी. या रेषा पाण्याला किती जागा लागते ते सांगतात. माणसाच्या पायांना किती लागते, याची रेषा त्यांत नाही. शेतातून पाणवठ्याकडे जाणाऱ्या वाटेला कोणी अडथळा केला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालयांच्या कायद्याखाली दाद मागता येते. पण तो कायदा मुख्यतः शेतीच्या वहिवाटीसाठी आहे. जमीन बिगरशेती झाली, बैल गेले, की त्या वाटेचे कारणच संपते, जसे रेल्वेने दोराचे संपले. टेम्सवर घोड्यांच्या जागी चालणारे आले, आणि वाट मोडण्याआधी तिला नवे कारण मिळाले. आपल्याकडे ही मधली वेळ फार थोडी असते. बिगरशेतीचा आदेश आणि पहिले कुंपण यांच्यामध्ये कधीकधी एक पावसाळाही जात नाही.

जुन्या गावनकाशांवर पायवाट तुटक रेघेने दाखवलेली असते, आणि सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ असा एक रकाना असतो. काठावरच्या गृहसंकुलाचा आराखडा मंजुरीला येतो तेव्हा नदीकडे जाणारी ती तुटक रेघ नव्या कागदावर उतरली आहे की नाही, हे पाहायला कायद्याची पदवी लागत नाही. दोन नकाशे एका टेबलावर शेजारीशेजारी पसरावे लागतात.